स्विच बिघडला तर वायर जोडू नका

आज आम्ही बोलणार आहोत एका खटक्याविषयी. अंगठ्याएवढा असतो, क्लचच्या पेडलखाली नाहीतर सीटखाली लपलेला असतो. तो चांगला असतो तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. तो बिघडला की मात्र सगळे त्याला शिव्या देतात आणि काढून फेकतात. आमच्या गटानेही तेच केलं होतं. त्यातून काय झालं ते आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटाने एक जुना छोटा ट्रॅक्टर विकत घेतला. घोलवड, बोर्डी, कोसबाडकडे चिकूच्या वाड्यांत चालतो ना, तसा. चिकूची झाडं दहा-दहा मीटरवर लावतात, पण झाड जुनं झालं की फांद्या पार खाली येतात. मोठा ट्रॅक्टर त्यात अडकतो, फांद्या मोडतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक सगळीकडे झालं. पण त्या झाडांखालची जमीन भुसभुशीत करायला, गवत काढायला, शेणखत ओढायला हीच बुटकी मशीन राबत असतात. आमचा ट्रॅक्टर वाडीत चालतो, मिरचीच्या शेतात चालतो, भाड्यानेही जातो. त्याच्या भाड्यातून गटाचा हप्ता फिटतो.

मागच्या वर्षी पाऊस संपला आणि एके दिवशी ट्रॅक्टर चालूच होईना. चावी फिरवली की दिवा लागायचा, पण सेल्फ फिरायचा नाही. मिस्त्रीला बोलावलं. त्याने खाली वाकून पाहिलं, क्लचच्या पेडलजवळून दोन वायर ओढल्या, टोकं सोलली, एकमेकींत पिळली आणि वरून टेप गुंडाळला. चावी फिरवली, ट्रॅक्टर चालू. "स्विच गेला होता, डायरेक्ट केला," म्हणाला. आम्ही खूश. काम अडलं नाही, पैसेही वाचले.

दोन महिने काही झालं नाही. मग एका सकाळी ड्रायव्हरदादाने खाली उभं राहूनच हात घालून चावी फिरवली. आदल्या रात्री ट्रॅक्टर उतारावर उभा होता, म्हणून घसरू नये यासाठी त्यानेच तो गिअरमध्ये ठेवला होता. सकाळी विसरला. चावी फिरली आणि ट्रॅक्टरने जागेवरून झेप घेतली. पुढे आमची एक मैत्रीण चिकूच्या टोपल्या रचत होती. तिने बाजूला उडी मारली म्हणून ती आज आमच्यात आहे. ट्रॅक्टर दोन टोपल्यांवरून गेला आणि झाडाच्या बुंध्याला जाऊन अडला. चिरडलेल्या चिकूंकडे बघत आम्ही सगळ्या उभ्या होतो. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना.

चूक कुणाची? दादा म्हणाला, माझी. मिस्त्री म्हणाला, दादाची. आम्ही रात्री बैठकीत बसलो तेव्हा आम्हाला कळलं, चूक आमचीही होती. तो स्विच तिथे कशासाठी होता, हे आम्ही मिस्त्रीला विचारलंच नव्हतं.

हा खटका करतो काय?

आपण रात्री दाराला कडी लावतो. घरच्या माणसालाही बाहेर जायचं तर आधी कडी काढावी लागते. हा स्विच म्हणजे मशीनची कडी. मशीन सुरक्षित स्थितीत आलं तरच ती उघडते.

आता वीज कशी जाते ते बघू. बॅटरी, चावी, स्विच आणि सेल्फ, हे एकाच दोऱ्यात ओवलेले मणी समजा. दोरा कुठेही तुटला की वीज पुढे जात नाही, सेल्फ फिरत नाही. क्लच पूर्ण दाबला की स्विच आतून जोडला जातो, दोरा पूर्ण होतो. क्लच दाबलेला नसेल तर दोरा तुटलेला राहतो. म्हणून ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये असला तरी झेप घेत नाही. कारण सेल्फ फिरायला क्लच दाबायलाच हवा, आणि क्लच दाबलेला असला की इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जात नाही. खाली उभं राहून तर पेडल दाबताच येत नाही. म्हणजे स्विच शाबूत असेल तर माणसाला सीटवर बसावंच लागतं. केवढी साधी युक्ती आहे बघा!

असे खटके वेगवेगळ्या मशीनवर वेगवेगळ्या जागी असतात.

पहिला क्लचचा. तो आत्ता सांगितला.

दुसरा न्यूट्रलचा. गिअर न्यूट्रलमध्ये असेल तरच सेल्फ फिरतो. काही ट्रॅक्टरना क्लचचा असतो, काहींना न्यूट्रलचा, काहींना दोन्ही.

तिसरा पीटीओचा. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा, ज्यावर रोटाव्हेटर किंवा फवारणीचा पंप चालतो. पीटीओचा दांडा टाकलेला असेल तर मशीन चालूच होऊ नये, म्हणून हा स्विच.

चौथा सीटखालचा. काही मशीनवर असतो. चालवणारा सीटवरून उठला किंवा पडला की इंजिन बंद पडतं.

आणि पाचवा, पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या मशीनचा. निंदणीचं पॉवर वीडर आपण मागे चालत, हँडल धरून चालवतो. त्याच्या हँडलला एक दांडी असते. ती दाबून धरली तरच पाती फिरतात, सोडली की थांबतात. आपण अडखळून पडलो तर हात आपोआप सुटतो आणि पातं थांबतं. अमेरिकेत अशा हाताने ढकलायच्या गवत कापणीच्या मशीनसाठी १९८२ साली नियमच झाला, की हँडल सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलंच पाहिजे. आपल्याकडेही मळणी यंत्रात लोकांचे हात जात होते, म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. म्हणजे हे खटके कंपनीने हौसेने बसवलेले नाहीत. त्यांच्यामागे कुणाचे तरी गेलेले हातपाय आहेत.

आणि आपण काय करतो? हात दुखतो म्हणून त्या दांडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून ठेवतो! बायांनो, आज घरी गेल्यावर आधी ती पट्टी कापून टाका.

आम्ही चालवत नाही, मग आम्हाला काय?

हा प्रश्न आम्हाला खूप गटांत विचारला गेला. ट्रॅक्टर तर बापये चालवतात. आपल्याला काय त्याचं?

नीट विचार करा. सीटवर एक माणूस असतो. त्याच्या आजूबाजूला कोण असतं? मागून ढेकळं फोडणारी, पुढे दगड वेचणारी, बांधावर भाकर घेऊन येणारी, टोपल्या भरणारी. पाठीला पोर बांधलेली. मशीन झेप घेतं तेव्हा सीटवरचा दांडा धरून वाचतो. चाकासमोर असतो तो जातो. म्हणून हा स्विच जेवढा ड्रायव्हरचा आहे, तेवढाच आपला आहे. त्याविषयी विचारायचा हक्कही आपला आहे. गटाच्या पैशाचा ट्रॅक्टर असेल तर तो हक्क दुप्पट.

पीटीओचं गणित तर प्रत्येकीने पाठ करावं. हा दांडा साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ९ फेरे. जोडासकट दांडा सात-आठ सेंटीमीटर जाड धरला तर एका फेऱ्यात वीत-सव्वा वीत कापड गुंडाळलं जातं. एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर! पदराचं टोक मीटरभर लांब असतं. ते अर्ध्या सेकंदात संपतं. अख्खं नऊवारी लुगडं चार-पाच सेकंदांत. "अगं बाई" म्हणायलाही वेळ मिळत नाही. ओढणी, मोकळे केस, गळ्यातला टॉवेल, सगळ्याचं तेच. म्हणून दांड्यावरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर मशीन उभं करा. आणि पीटीओचा स्विच "डायरेक्ट" केलेला असेल तर त्या ट्रॅक्टरजवळ जाऊ नका.

आपल्याकडेच स्विच इतके का बिघडतात?

याची कारणं आपल्या हवेत आहेत. डहाणू, चिंचणी, बोर्डीच्या बाजूला समुद्राचा खारा वारा. त्याने पितळेच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि वीज नीट जात नाही. तलासरीकडे, उधवा-झरीच्या बाजूला भाताच्या खाचरात चिखलणी. चिखलाचं पाणी उडून पेडलखालच्या स्विचमध्ये शिरतं, वाळलं की आत माती घट्ट बसते. चार महिने पाऊस. पावसात मशीन पेंढ्याशेजारी उभं असतं, तिथे उंदीर असतात आणि ते वायरी कुरतडतात. शिवाय जुन्या मशीनची थरथर. त्याने स्विच बसवलेला नटबोल्ट ढिला होतो, स्विच दोन सुतं मागे सरकतो आणि पेडल त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणजे बऱ्याच वेळा स्विच गेलेला नसतोच. तो मळलेला असतो, नाहीतर सरकलेला असतो. आमच्या ट्रॅक्टरचंही तेच निघालं असतं कदाचित. पण मिस्त्रीने वायरच तोडल्या, मग कळणार कसं?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. स्विच दोन प्रकारे बिघडतो. एका प्रकारात मशीन चालू होत नाही. हा बिघाड त्रासाचा, पण भला. तो ओरडून सांगतो, मला बघा. दुसऱ्या प्रकारात स्विच आतून चिकटून बसतो. मग दाबा, न दाबा, मशीन चालू होतंच. हा बिघाड कुणाला कळत नाही. सगळे म्हणतात, ट्रॅक्टर झकास आहे, हात लावला की चालू होतो! वायर जोडलेला ट्रॅक्टरही असाच झकास असतो. ज्या दिवशी गिअर चुकून राहतो, त्या दिवशी कळतं.

म्हणून चालू न होणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा कसाही चालू होणाऱ्या ट्रॅक्टरची भीती बाळगा.

महिन्यातून एकदा करायची परीक्षा

आमच्या गटात दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी ही परीक्षा होते. ड्रायव्हरदादा सीटवर बसतो, आमच्यातली एक वही घेऊन बाजूला उभी राहते. पुढे नाही, मागे नाही, बाजूला, दहा पावलं लांब. बाकी कुणी जवळ नको, पोरं तर नकोतच.

ट्रॅक्टर सपाट जागी. मागचं अवजार काढलेलं. हँडब्रेक ओढलेला. चाकांच्या पुढे-मागे दगड. पीटीओ बंद. गिअर न्यूट्रलमध्ये.

पहिलं, क्लच न दाबता चावी फिरवायची. क्लचचा स्विच असेल तर सेल्फ फिरता कामा नये. फिरला तर स्विच चिकटलाय किंवा कुणीतरी वायर जोडली आहे.

दुसरं, न्यूट्रलचा स्विच असेल तर क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबून, गिअर टाकून चावी फिरवायची. सेल्फ फिरता कामा नये. लगेच गिअर परत न्यूट्रलला.

तिसरं, क्लच दाबून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, पीटीओचा दांडा टाकून चावी फिरवायची. पीटीओचा स्विच असेल तर इथेही सेल्फ गप्प राहिला पाहिजे.

चौथं, सगळं जागेवर, क्लच दाबलेला, आता चावी. आता मात्र चालू व्हायला हवा.

सीटखालच्या स्विचची परीक्षा मिस्त्रीसमोर करा. प्रत्येक मशीनमध्ये तो वेगळ्या तऱ्हेने जोडलेला असतो. आपल्या मशीनला कोणकोणते स्विच आहेत हे कंपनीच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका हरवली असेल तर त्या कंपनीच्या दुकानात मॉडेल सांगून विचारा आणि उत्तर गटाच्या वहीत लिहून ठेवा.

चालूच होत नसेल तेव्हा

आधी चावी काढून घ्या. मग साध्यापासून सुरुवात करा. यातलं बरंचसं आपण स्वतः बघू शकतो.

बॅटरीच्या दोन टोकांवर पांढरा-हिरवा थर आहे का? टोकं ढिली आहेत का? फ्यूज उडालाय का? पीटीओचा दांडा चुकून टाकलेला राहिलाय का? गिअर खरंच न्यूट्रलमध्ये आहे का? क्लच तळापर्यंत दाबला जातोय का, की खाली माती-दगड अडकलाय? यातच निम्मी दुखणी सुटतात.

मग स्विच शोधा. पेडल हाताने हळूहळू दाबा आणि बघा, पेडलचा भाग स्विचच्या बोंडाला टेकतो का. बोंड आत जातं आणि सोडल्यावर परत बाहेर येतं का. आत अडकून बसत असेल तर माती आहे किंवा स्प्रिंग गेली आहे. टेकतच नसेल तर स्विच सरकलाय, नटबोल्ट सैल करून पुढे घ्यायचा आणि आवळायचा. वायरीचा जोड उघडून आतल्या पट्ट्या बघा. हिरव्या झाल्या असतील तर बॅटरीची वायर सोडून पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. वायर कुठे कुरतडली आहे का, तेही बघा. बॅटरीची वायर सोडताना आधी वजा टोक सोडायचं, जोडताना ते शेवटी जोडायचं. म्हणजे पाना कुठे टेकला तरी ठिणगी उडत नाही.

एवढं करूनही झालं नाही तर मिस्त्रीला बोलवा. त्याच्याकडे मीटर असतो. स्विचच्या वायरी सोडून दोन टोकांना मीटर लावला की कळतं. बोंड दाबल्यावर मीटर वाजला आणि सोडल्यावर गप्प झाला तर स्विच चांगला. काही मशीनमध्ये उलटं असतं, दाबल्यावर गप्प, सोडल्यावर वाजतो. तेही चालेल. दाबून-सोडून काहीच बदलत नसेल तर स्विच मेला. बदला. आमच्या ट्रॅक्टरचा नवा स्विच एका दिवसाच्या डिझेलहून कमी पैशांत आला. त्यासाठी आमच्या मैत्रिणीचा जीव टांगणीला लागला होता!

मिस्त्री म्हणेल, "ताई, पार्ट आणायला चार दिवस लागतील, तोवर डायरेक्ट करू का?" तेव्हा सांगायचं, "दादा, चार दिवस ट्रॅक्टर उभा राहील, पण वायर जोडायची नाही." तो हसेल. हसू द्या. बिघाड शोधण्यापुरती त्याने वायर जोडून पाहिली तर तेवढ्यापुरतं ठीक, पण ती जोड काढल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि निघण्याआधी त्याच्यासमोरच ती चार पायऱ्यांची परीक्षा घ्यायची.

आणखी एक वाईट सवय आपल्याकडे आहे. चावी लागेना की कुणीतरी सेल्फच्या दोन बोल्टांना पाना किंवा पेचकस टेकवून ट्रॅक्टर चालू करतं. तेव्हा सगळेच स्विच बाजूला पडतात. आणि तो माणूस उभा कुठे असतो? मोठ्या मागच्या चाकाच्या पुढ्यात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर ते चाक त्याच्याच अंगावरून जातं. जगभरात ट्रॅक्टरखाली माणसं अशी गेली आहेत. असं करताना कुणी दिसलं, मग ते घरचं असो की परकं, तिथेच अडवा.

ज्या मशीनला स्विचच नाहीत

खूप जुने ट्रॅक्टर आणि हँडल मारून चालू होणारे पॉवर टिलर, यांना असे स्विच कंपनीनेच दिलेले नसतील. मग आपल्या सवयी हाच आपला स्विच. चालू करण्याआधी गिअरचा दांडा हाताने हलवून न्यूट्रल बघायचं. मोठ्याने विचारायचं, "आहे का कुणी पुढे-मागे?" आणि उत्तर आल्याशिवाय चालू करायचं नाही. ट्रॅक्टर असेल तर सीटवर बसूनच.

पॉवर टिलर मागे घेताना फार जपा. आपण त्याच्या मागे चालत असतो. मागे झाड, बांध किंवा भिंत असेल तर माणूस मधे दाबला जातो आणि पाती पायाशी असतात. बहुतेक टिलरमध्ये मागचा गिअर टाकला की पाती फिरू नयेत अशी सोय असते. तुमच्या टिलरला ती असेल तर ती काढू नका. नसेल तर आधी पाती बंद, मग मागचा गिअर.

मशीन बंद कसं करायचं हे तर घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. इथे डिझेल आणि पेट्रोलमध्ये फरक आहे. जुनं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्याला विजेची गरज नसते. अनेक जुन्या ट्रॅक्टरची चावी काढली तरी इंजिन धडधडत राहतं. ते बंद करायला डिझेल तोडणारा दांडा किंवा दोरी ओढावी लागते. ती कुठे आहे ते आजच बघून ठेवा, तिला लाल रंग लावा. पेट्रोलच्या छोट्या मशीनचं उलटं. तिथे बंद करायच्या बटणाची वायर तुटली तर मशीन बंदच होत नाही. अशा वेळी घाबरून पात्याजवळ हात घालायचा नाही. दांडी सोडायची, चोक पूर्ण ओढायचा, नाहीतर पेट्रोलचा कॉक बंद करायचा. पेट्रोल संपलं की इंजिन थांबतं.

आणि अपघात झालाच तर?

आधी इंजिन बंद. कापड दांड्यात अडकलं असेल तर मशीन उलटं फिरवून सोडवू नका, कात्रीने-विळ्याने कापा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, सोडून सोडून बघू नका. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात नको. १०८ ला फोन करा. आपल्याकडे जास्त लागलेल्या माणसाला बऱ्याच वेळा पुढे सिल्वासा नाहीतर वलसाडला न्यावं लागतं. वाटेत वेळ जातो. म्हणून सांगतो, अपघात होऊच न देणं हाच आपला खरा दवाखाना.

पैशाची बाजूही माहीत असू द्या. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला एक माणूस, वय १० ते ७५, यांना ती लागू आहे. मृत्यू झाला तर २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. बँकेतली पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांची आहे. तुमच्या खात्यातून ते कापले जातात का, पासबुकात बघून घ्या. मशीनवर काम करणाऱ्या गटातल्या प्रत्येकीचा हा विमा हवाच.

जाता जाता

आमच्या गटाने त्या दिवसानंतर तीन ठराव केले. एक, स्विच बिघडलेलं मशीन उभं राहील, भाडं बुडालं तरी चालेल. दोन, परीक्षेची तारीख आणि निकाल वहीत, खाली दादाची आणि गटातल्या एकीची सही. तीन, नवीन किंवा जुनं, कुठलंही मशीन घेताना दुकानदाराने एकेक स्विच चालवून दाखवला तरच पैसे. तुमच्या गटाला कुणी शिकवायला हवं असेल तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात जाऊन प्रशिक्षण मागा. चार गट मिळून मागितलं तर कुणी नाही म्हणणं अवघड.

पहिल्या महिन्यात परीक्षेच्या वेळी दादा जरा फुरंगटला होता. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाला. तेव्हा टोपल्या रचणारी आमची ती मैत्रीण पुढे झाली. म्हणाली, "दादा, तुझ्यावर आहे. पण तू दमलेला असतोस तेव्हा तुझ्यासाठी लक्ष ठेवणारं कुणीतरी नको का?" आता दादा स्वतःच बैठकीच्या दिवशी चाकांना दगड लावून आमची वाट बघत बसतो.

तुमच्या पाड्यावर जोडलेल्या वायरीचा ट्रॅक्टर असेल तर या आठवड्यात तो उभा करा, स्विच मागवा. आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. रामराम!